आखाजीआधी बदललेले दोन पट्टे

होळी झाली आणि आमची अल्टो सकाळी ओरडायला लागली. चावी फिरवली की इंजिन लगेच उठायचं, पण त्याच्या पाठोपाठ चार-पाच सेकंद बोनेटखालून कर्कश किंचाळी यायची आणि मग सगळं शांत. पंधरा दिवसांनी एसी लावला की तोच आवाज दुपारीही येऊ लागला. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून पट्ट्यावर कसलातरी स्प्रे मारला, ‘झालं’ म्हणाला आणि पैसेही घेतले नाहीत. आठ दिवस खरंच आवाज आला नाही. नवव्या दिवशी आला तो आधीपेक्षा मोठा.

एरवी मी आणखी महिनाभर तसाच काढला असता. पण आखाजी तोंडावर आली होती. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात आणि ताईला आणायला मुऱ्हाळी म्हणून मलाच जायचं असतं. आम्ही अंमळनेरला, ताई शहाद्याला. वाट बेटावद, शिंदखेडा, दोंडाईचावरून सारंगखेड्याचा तापीचा पूल ओलांडून जाते. वैशाखातलं ऊन, मधल्या पट्ट्यात सावलीला झाड नाही, आणि परतताना गाडीत ताईची दोन लहान पोरं. अशा वाटेवर पट्टा तुटला तर काय होईल, हा विचार मनातून जाईना.

कारण आमच्या गाडीत ज्याला सगळे ‘फॅन बेल्ट’ म्हणतात, त्याचा पंख्याशी काही संबंध नाही. रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो. हा पट्टा इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, पुलीवरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरवतो आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळवणारा वॉटर पंपही फिरवतो. तो तुटला तर बॅटरी चार्ज होणं थांबतं. ते एकवेळ निभावतं, दिवसाउजेडी काही किलोमीटर गाडी बॅटरीवर ओढता येते. पण पाणी फिरायचं थांबलं की इंजिन काही मिनिटांत तापतं, आणि तशीच गाडी दामटली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालचं सील, जातं. एसीच्या कॉम्प्रेसरचा पट्टा वेगळा, त्याच्या बाहेरच्या बाजूला असतो. तो तुटला तर फक्त घाम येतो. म्हणून आधी ओरडतोय कोणता, हे मला नक्की करायचं होतं.

नानांनी, माझ्या वडिलांनी, गावाकडे तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. डिझेल इंजिनावरून येणारा रुंद सपाट पट्टा, त्याला शिवलेला सांधा, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की घसरणाऱ्या पट्ट्यावर ते चोळायचे तो चिकट राळेचा बिरोजा, हे सगळं लहानपणी मी रोज बघितलेलं. त्यामुळे मी त्यांना सहज विचारलं, “नाना, यालाही बिरोजा चालंल का?”

ते ओट्यावर बसले होते. मान हलवत म्हणाले, “पट्टा वरडस म्हंजे काहीतरी सांगस. त्याना तोंडवर हात नको ठेऊ.”

मला ते पटलं. गिरणीचा पट्टा सपाट, त्याची पकड वाढवायला बिरोजा लागायचाच. गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने धारा असतात आणि त्या पुलीच्या खाचांत बसतात. त्यावर चिकट काही मारलं की धूळ त्यात रुतून बसते आणि खाचा भरतात. आमच्याकडे तर मार्च ते मे वाऱ्याबरोबर मातीच उडत असते. स्प्रेने आवाज आठ दिवस दाबला गेला होता, कारण मात्र जागच्या जागी होतं.

मग मी पाण्याची परीक्षा केली. इंजिन चालू ठेवून, बाह्या वर करून, गळ्यातला गमछा आधी काढून ठेवला आणि लांबूनच बाटलीने पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर थोडं पाणी मारलं. पाणी पडताच आवाज वाढला तर पट्टा सैल आहे, घसरतोय. आवाज क्षणभर बंद होऊन पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा धारा झिजल्यात. आतल्या पट्ट्यावर पाणी पडलं तेव्हा किंचाळी दुपटीने वाढली. तो सैल, हे नक्की झालं. बाहेरच्या, एसीच्या पट्ट्याचं उत्तर मात्र गोंधळात टाकणारं होतं. किंचाळी कमी झाली, पण तिच्याखाली एक बारीक खरखर तशीच चालू राहिली. पाण्याने ती ना वाढली ना थांबली. ती खरखर मी तेव्हा मनात टिपून ठेवली, आणि पुढे तीच महत्त्वाची ठरली.

रविवारी पहाटे साडेपाचला काम काढलं. आठनंतर आमच्या अंगणात पत्र्याला हात लावता येत नाही, आणि इंजिनही थंड हवं. मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले, ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल केले, मग जॅक लावला. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून लोखंडी घोडी आणून गाडी तिच्यावर टेकवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ही एक गोष्ट मी कुणाशीही वाद घालून सांगेन. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत गाडी बंद असतानाही करंट असतो आणि पाना तिथे बॉडीला टेकला तर ठिणगी उडते.

चाक निघालं, आतलं चिखल अडवणारं प्लास्टिक निघालं. त्याच्या क्लिपा उन्हाने बिस्किटासारख्या झाल्या होत्या, दोन तुटल्याच. आणि मग दोन्ही पट्टे समोर दिसले.

मी पाना लावणार तेवढ्यात नाना म्हणाले, “पह्यले कागदवर लिखी ले, नहीं ते इसरी जाशी.” मोबाइलवर फोटो काढले होते, तरी त्यांच्यासमोर वहीत चित्र काढलं. कोणता पट्टा कोणत्या पुलीवरून वळतो, धारा कुठल्या अंगाला. दुपारी तेलकट हातांनी मोबाइल उघडत बसण्यापेक्षा दगडाखाली ठेवलेला तो कागदच कामाला आला.

बाहेरचा पट्टा आधी काढावा लागतो, त्याशिवाय आतला निघत नाही. एसीच्या पट्ट्याचा ताण एका छोट्या पुलीवर असतो. तिचा मधला नट सैल केला, मग १२ च्या पान्याने लांब बोल्ट उलटा फिरवत गेलो, तशी पुली सरकली आणि पट्टा हातात आला. तो मी उलटा वाकवून उजेडात धरला. धारांवर आडव्या भेगा होत्या, एका ठिकाणी नखाएवढा तुकडाच उडालेला, आणि कडेचे दोरे सुटून केसांसारखे लोंबत होते. हल्लीच्या चांगल्या पट्ट्यांचं रबर ईपीडीएम जातीचं असतं. त्याला जुन्या रबरासारख्या भेगा पडत नाहीत, ते रस्त्यावरच्या टायरसारखं गुपचूप झिजतं. वरून बघितलं तर पट्टा ठणठणीत वाटतो. म्हणून भेगा नाहीत एवढ्यावर पट्टा चांगला समजू नये. दोन धारांमधली दरी बोटाने चाचपून बघावी. ती रुंद आणि चपटी झाली असेल तर पट्टा पुलीच्या खाचेत तळाला टेकतो आणि घसरतो. आतला पट्टा अगदी तसाच निघाला. भेग एकही नाही, पण धारांच्या अंगाला काचेसारखी चकाकी आलेली.

एसीचा पट्टा हातात आल्यावर मी ती ताणाची पुली बोटाने फिरवली. चांगली पुली बोटाखाली गप्प फिरते आणि जरा फिरून थांबते. ही वाळूत फिरवल्यासारखी करकरत होती, आणि हलवली तर किंचित डुगडुगत होती. पाण्याने न बदललेली खरखर हिचीच. खात्री करायला बॅटरीची तार पुन्हा जोडली, पाने आणि हात बाजूला घेतले आणि एसीचा पट्टा नसतानाच मिनिटभर इंजिन चालू केलं. वॉटर पंप आतल्या पट्ट्यावर आहे, त्यामुळे तेवढं चालतं. खरखर पूर्ण बंद. नुसता नवा पट्टा चढवून मी बोनेट बंद केलं असतं, तर सुकलेलं बेरिंग कुठेतरी दोंडाईच्याच्या पुढे अडकलं असतं आणि नवा पट्टाही घेऊन गेलं असतं.

आतला पट्टा काढायला अल्टरनेटर आत ढकलावा लागतो. एक मोठा बोल्ट, ज्यावर अल्टरनेटर झुलतो, आणि दुसरा लांबट खाचेच्या पट्टीतला. दुसरा लगेच सुटला. मोठा बोल्ट मात्र गंजून बसला होता. त्याच्यावर जोर करायचा मोह मी आवरला. ॲल्युमिनियमच्या कानात बसलेला बोल्ट ओढूनताणून काढला आणि कान तुटला, तर हजारांत जातं. गंज सोडवणारं तेल मारलं, हलक्या हाताने हातोडीचे दोन-चार ठोके दिले आणि सोडून दिलं. तोवर नऊ वाजले होते. आत येऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. तासाभराने पुन्हा तेल, पुन्हा ठोके, आणि मग बोल्ट एक ‘कट्’ करून सुटला. तो आवाज मला अजून आठवतो, फार समाधानाचा असतो.

पट्टा निघाल्यावर वॉटर पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवली. खेळ नाही. खाली पंपाला एक बारीक भोक असतं, सील गेलं की त्यातून कूलंट ठिबकतं आणि डाग राहतो. डाग नव्हता. अल्टरनेटरही गप्प फिरला. म्हणजे नवं आणायचं ते दोन पट्टे आणि एक बेरिंग.

पट्ट्यावर छापलेला नंबर हे त्याचं आधार कार्ड. समजा ‘४पीके८५०’ असेल, तर चार धारा, पीके हा धारेचा आकार, आणि ८५० मिलिमीटर लांबी. माझ्या एका पट्ट्यावरचे आकडे निम्मे पुसलेले होते. म्हणून दोन्ही जुने पट्टे, गाडीचं साल आणि एसी आहे हे सगळं सांगूनच स्पेअरच्या दुकानातून नवे घेतले. तिथल्या माणसाने जुन्या-नव्या पट्ट्याची लांबी जुळवून दाखवली. त्याहून जास्त मी धारा मोजल्या, कारण एक धार कमी असलेला पट्टाही चढतो आणि चालतो, फक्त लवकर जातो. दोन्ही मिळून साडेसातशे रुपये झाले.

बेरिंगसाठी मात्र मी मोटारींच्या दुकानात गेलो नाही. विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. कापूस, केळी, मका, सगळं मोटरीच्या पाण्यावर उभं असलेल्या मुलखात बेरिंगची जाण असलेला माणूस प्रत्येक गावात सापडतो. त्याने जुन्या बेरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर भिंगातून वाचला, फळीवरून तसंच, दोन्ही बाजूंनी रबराचं झाकण असलेलं काढलं. मग त्याने ते कसं बसवलं ते मी अगदी जवळून बघितलं. पुली लाकडी ठोकळ्यावर उताणी ठेवली, खाच फडक्याने पुसली, नवं बेरिंग बोटांनी सरळ टेकवलं आणि त्याच्यावर जुन्या बेरिंगची बाहेरची कडी ठेवली. शिकंज्यात धरून सावकाश दाबत गेला. दाब फक्त बाहेरच्या कडीवर. आतल्या कडीवर दाब दिला तर तो गोळ्यांमधून जातो, गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासूनच खरखरायला लागतं. बेरिंग बसल्यावर त्याने पुली माझ्या कानाशी धरून फिरवली. काहीच ऐकू आलं नाही. “आते चालनं,” एवढंच म्हणाला आणि मजुरीचे पन्नास रुपये घेतले.

दुपार पुल्या साफ करण्यात गेली. खाचांत स्प्रे आणि जुन्या रबराचा काळा थर बसला होता. पेट्रोलने धुवायचं नाही, तेलाचा हात लावायचा नाही. बाभळीची काडी चाकूने निमुळती केली आणि एकेक खाच खरवडली, मग कोरड्या टूथब्रशने पुसली. चार पुल्यांना दीड तास लागला. पाठ भरून आली, पण तळाचं चकचकीत लोखंड दिसायला लागल्यावर हात थांबेनात.

संध्याकाळी पाच वाजता पट्टे चढवायला घेतले. स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टा पुलीवर ओढायचा नाही. आतले दोरे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि पट्टा महिन्यात जातो. पुल्या पूर्ण मोकळ्या असल्या की तो हातानेच बसतो. आतला बसवला आणि कुऱ्हाडीचा दांडा अल्टरनेटरच्या जाड ब्रॅकेटपाशी लावून हळू बाहेर रेटला. नानांनी दांडा धरला, मी बोल्ट आवळला.

ताण किती, हाच या कामातला जीव. सैल राहिला तर घसरतो, ओरडतो, बॅटरी भरत नाही. जास्त ताणला तर आवाज एकही येत नाही, सगळं छान वाटतं, आणि वर्षभरात अल्टरनेटरचं नाहीतर वॉटर पंपाचं बेरिंग जातं. नव्या हाताला घट्ट म्हणजेच चांगलं असं वाटतं. मलाही वाटत होतं. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब टप्प्यावर मधोमध अंगठ्याने जोरात दाबायचं, साधारण दहा किलोचा दाब, आणि पट्टा किती खाली जातो ते पट्टीने मोजायचं. मी सात मिलिमीटरवर ठेवला. आधी दाब कळावा म्हणून घरातल्या वजनकाट्यावर अंगठा दाबून दहा किलो म्हणजे किती ते बघून आलो. आपण समजतो त्यापेक्षा ते बरंच जास्त असतं.

मग एसीचा पट्टा चढवला, नवं बेरिंग घातलेली पुली ताणली, नट आवळला. मी उठणार तर नाना खाली वाकले. त्यांना आता जवळचं नीट दिसत नाही. त्यांनी क्रँकच्या पुलीच्या कडेवरून तर्जनी फिरवली, जशी ते गिरणीत फिरवायचे, आणि थांबले. “आठे भायेर शे,” म्हणाले. मी टॉर्च मारला. खरंच, मागच्या बाजूला, जिथे माझी नजर जात नव्हती, तिथे पट्ट्याची शेवटची धार खाचेबाहेर राहिली होती. तसंच इंजिन चालू केलं असतं तर ती धार सोलून निघाली असती आणि तिचा दोरा पुलीभोवती गुंडाळला गेला असता. पुन्हा सैल केलं, पुन्हा बसवलं, आणि या वेळी प्रत्येक पुलीवर मी स्वतः बोट फिरवलं. गाडी न्यूट्रलला टाकून क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि हातानेच इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवलं, बोल्ट आवळतो त्याच दिशेने. पट्टे जागेवरून हलले नाहीत.

बॅटरीची तार जोडली. पाने मोजले, सगळे हाताशी होते. चावी फिरवली.

आवाज आला नाही. एसी लावला, नाही. हेडलाइट, पंखा, मागची काच तापवायची तार सोडून जे जे विजेवर चालतं ते सगळं लावलं. बॅटरीवर मीटर १३.८ व्होल्ट दाखवत होता, सगळं बंद केल्यावर १४.१. माय दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “चालू शे ना?” इतकी गाडी शांत होती.

इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा जो पट्टा, ज्याला टायमिंग बेल्ट म्हणतात, त्याला मी हात लावला नाही. तो झाकणाच्या आत असतो, त्याच्या खुणा एका दातानेही चुकल्या तर इंजिनाचं गणित बिघडतं. तो जाणत्या मिस्त्रीकडेच बदलून घ्यायचा.

तृतीयेच्या आदल्या दिवशी पहाटे चारला निघालो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचांत रुळतो आणि थोडा सैल होतो, म्हणून १२ चा पाना, १४ चा पाना आणि पोरांची सहा इंची पट्टी सोबत घेतली होती. जुना आतला पट्टाही डिकीत टाकला होता, अगदीच वेळ आली तर गावापर्यंत नेण्यापुरता. सारंगखेड्याच्या पुलावर उजाडलं. तापीत पाणी होतं, खाली कुणीतरी म्हशी घातल्या होत्या.

शहाद्याला ताईच्या अंगणात लिंबाखाली गाडी लावली, इंजिन थंड व्हायला दोन तास सोडलं आणि मग बोनेट उघडलं. ताईचा थोरला पट्टी धरायला आला. मी अंगठ्याने दाबलं, त्याने वाकून आकडा वाचला. “मामा, दहा.” दोन्ही बोल्ट सैल केले, दांडा नव्हता म्हणून ताईने मुसळ आणून दिलं, मेहुण्यांनी रेटलं, मी आवळलं. त्याने पुन्हा वाचलं. “सात.” तोवर ताईची पिशवी भरून झाली होती.